कोल्हापुरात नेमबाजीसाठी पहिले पिस्तूल घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्याने नेमबाजीला तेजस्विनी सावंत, राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे अशी नावे दिली. त्यामुळे इथे मुलामुलींना रेंजवर घालण्याचा उत्साह मोठा आहे आणि पाठोपाठ पहिल्या पिस्तुलाचा प्रश्नही येतो. गेली अनेक वर्षे रेंजवर येणाऱ्या पालकांशी आणि नवशिक्या प्रौढांशी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेण्याचा विचार असणाऱ्यांना या मजकुराचा उपयोग नाही. येथे विचार आहे तो फक्त कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावरच्या नेमबाजीचा.

प्रश्न: पहिले पिस्तूल कोणत्या प्रकारचे असावे?

दहा मीटर एअर पिस्तूल. हवेच्या दाबावर चालणारे, ४.५ मिलिमीटर व्यासाचे छर्रे म्हणजे पेलेट फेकणारे आणि एका हाताने उभे राहून चालवायचे हे पिस्तूल. राही सरनोबत यांनी २०१३ मध्ये चांगवन येथील विश्वचषक स्पर्धेत आणि २०१८ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात, म्हणून अनेक पालक थेट .२२ बोअरच्या, म्हणजे .२२ इंच व्यासाच्या नळीच्या, पिस्तुलाची चौकशी करत येतात. त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु .२२ चे पिस्तूल हे अग्निशस्त्र आहे. त्याला परवाना लागतो, काडतुसांचा खर्च लागतो, २५ मीटरची सुरक्षित रेंज लागते, आणि त्यात लागणारी पकड, श्वासावरचा ताबा व ट्रिगर दाबण्याची शिस्त ही सगळी दहा मीटरवरच कमी खर्चात पक्की होते.

प्रश्न: एअर पिस्तुलाला परवाना लागतो का?

शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या एअर पिस्तुलाची किंवा एअर रायफलची नळी .१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही आणि ज्याची ऊर्जा २० जूलपेक्षा जास्त नाही, त्याला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचे एअर पिस्तूल सुमारे अर्ध्या ग्रॅमचा पेलेट सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने सोडते, म्हणजे त्याची ऊर्जा पाच-सहा जूलच्या आसपास भरते. ते या मर्यादेच्या बरेच आत आहे. तरीही विक्रेता ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा मागेल, तो विनातक्रार द्यावा आणि पावती आयुष्यभर जपून ठेवावी. प्रवासात, स्पर्धेत आणि पुढे पिस्तूल विकताना हीच पावती उपयोगी पडते.

परवाना नको याचा अर्थ कुठेही चालवावे असा नाही. गच्चीवर, शेतात पाखरांवर, गल्लीत पोरांना दाखवण्यासाठी पिस्तूल बाहेर काढणाऱ्या माणसाला आमच्या रेंजवर जागा नाही. पेलेटने डोळा कायमचा जाऊ शकतो.

प्रश्न: मग .२२ साठी परवाना कसा मिळतो?

अग्निशस्त्रासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नसल्याने परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे आणि अर्जावर पोलिसांकडून चौकशी होते. वयाची अट २१ वर्षांची आहे. त्याखालील मुलांना प्रशिक्षणापुरती आणि देखरेखीखालीच मुभा आहे. क्रीडा प्रयोजनासाठी अर्ज करताना स्पर्धांतील सहभागाची व गुणांची कागदपत्रे जोडावी लागतात, त्यामुळे दोन-तीन वर्षे दहा मीटरवर खेळलेल्या नेमबाजाच्या हातात दाखवायला काहीतरी असते. परदेशी बनावटीच्या .२२ पिस्तुलांच्या आयातीवर निर्बंध आहेत, म्हणून पहिल्या वर्षी या रस्त्याला लागून शक्ती घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न: घरात वडिलांच्या नावावर .३२ चे रिव्हॉल्व्हर आहे. त्यावर सराव चालेल का?

चालणार नाही. २५ मीटर सेंटर फायर, म्हणजे मोठ्या बोअरच्या काडतुसांच्या पिस्तूल प्रकारात .३२ बोअर चालते हे खरे, परंतु त्या स्पर्धेची पिस्तुले लक्ष्यवेधासाठीच घडवलेली असतात. त्यांची साईट, म्हणजे नेम धरण्याची खूण, वरखाली व बाजूला बारीक सरकवता येते, ग्रिप म्हणजे मूठ हातात बसते आणि ट्रिगर स्वच्छ, न अडखळता सुटतो. स्वसंरक्षणाची रिव्हॉल्व्हर खिशात मावावीत म्हणून बनवली जातात. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने २०१४ मध्ये आणलेले 'निर्भीक' हे त्याच जातीचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे हत्यार आहे. आखूड नळी आणि दोन साईटमधले लहान अंतर यांमुळे नवशिक्याला आपली चूक कुठे झाली तेच कळत नाही. शिवाय परवाना वडिलांच्या नावावर आहे. ते शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणे हा कायद्याचा प्रश्न आहे.

प्रश्न: रेंजवर नाव घातल्या घातल्या पिस्तूल विकत घ्यावे का?

घेऊ नये. निदान पहिले तीन महिने प्रशिक्षकांच्या किंवा क्लबच्या पिस्तुलावर शिकावे. दुधाळीच्या रेंजवर असो, विभागीय क्रीडा संकुलात असो किंवा एखाद्या खासगी अकादमीत असो, नवख्यांसाठी एखादे पिस्तूल बहुधा असते आणि नसेल तर प्रवेशापूर्वीच तसे विचारून घ्यावे. या तीन महिन्यांत दोन गोष्टी ठरतात. पहिली, मुलाचे मन खरोखर या खेळात आहे का. तासभर एका जागी उभे राहून एकाच काळ्या ठिपक्याकडे पाहत राहणे सगळ्यांना रुचत नाही, आणि ज्याला रुचत नाही त्याच्यात काही उणे आहे असेही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हाताचे माप. आपला पंजा लहान आहे की मध्यम, उजवा हात चालतो की डावा, मनगट किती वजन पेलते, हे सरावाशिवाय कळत नाही. आणि पिस्तुलाची निवड मुख्यतः त्यावरच ठरते.

प्रश्न: ग्रिपला इतके महत्त्व का?

नेमबाज पिस्तुलाला ज्या एका जागी धरतो ती म्हणजे ग्रिप. लक्ष्यावरील दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे, आणि ते दहा मीटरवर असते. दोन साईटमधले अंतर साधारण एक फूट धरले, तर साईटच्या रेषेत एक मिलिमीटरचा फरक पडला की लक्ष्यावर तो सुमारे तीस-तेहतीस मिलिमीटर होतो. हा हिशेब एकदा मनात बसला की ग्रिप का महत्त्वाची ते वेगळे सांगावे लागत नाही. पंजात सैल बसणारी ग्रिप प्रत्येक शॉटला थोडी वेगळी धरली जाते, आणि मग नेमबाज ट्रिगरला किंवा पेलेटला दोष देत बसतो.

स्पर्धेच्या पिस्तुलांना अक्रोडाच्या लाकडाची, शरीररचनेनुसार कोरलेली ग्रिप असते आणि ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत व डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी मिळते. तळहाताखालची पट्टी वरखाली सरकवता येते. डोळे मिटून पिस्तूल उचलावे, हात खांद्याच्या रेषेत आणावा आणि मग डोळे उघडावे. पुढची साईट मागच्या साईटच्या खाचेत आपोआप मधोमध आली तर ग्रिप जवळपास बरोबर आहे. दर वेळी मनगट वळवून ती आणावी लागत असेल, तर ते पिस्तूल कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये. बारीकसारीक फरक लाकडाच्या भुशाच्या लुकणाने आणि कानशीने दुरुस्त करता येतो. आमच्याकडे प्रत्येक जुन्या नेमबाजाच्या ग्रिपवर असे लिंपण दिसेल. मात्र ग्रिपने मनगटाला आधार देता कामा नये आणि तळहाताच्या पट्टीचा कोन ९० अंशांपेक्षा कमी असता कामा नये, हे स्पर्धेचे नियम लिंपण करतानाच लक्षात ठेवावे.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी एक सूचना. बाराव्या वर्षी लहान मापाची ग्रिप बसते आणि पंधराव्या वर्षी बसत नाही. अशा वेळी अख्खे पिस्तूल बदलण्याची गरज नसते, फक्त ग्रिप बदलावी. म्हणून ज्या बनावटीच्या सुट्या ग्रिप सहज मिळतात अशीच बनावट निवडावी.

प्रश्न: कमी खर्चात कोणकोणते पर्याय आहेत?

सर्वांत स्वस्त म्हणजे स्प्रिंगवर चालणारी देशी पिस्तुले. ती काही हजारांत मिळतात. नळी खाली दुमडून स्प्रिंग ताणायची आणि सोडायची, अशी त्यांची रचना असते. ट्रिगर दाबल्यावर आतला जड पिस्टन धडकतो आणि पेलेट नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्तूल हलते, म्हणून शिकणाऱ्याला खोटी सवय लागते. केवळ हौस म्हणून, घरच्या पेलेट-ट्रॅपवर, म्हणजे पेलेट अडवणाऱ्या पेटीवर, नेम धरण्यापुरते ते ठीक आहे. स्पर्धेच्या इच्छेने घेऊ नये.

त्यानंतर एका दाबाची, म्हणजे हाताने लिव्हर ओढून प्रत्येक शॉटपुरती हवा भरायची पिस्तुले येतात. रशियन बायकल-४६एम आणि स्पॅनिश गामो कॉम्पॅक्ट ही त्यांतली जुनी, परिचित नावे. त्यांत धक्का जवळपास नसतो, सिलिंडर भरण्याची कटकट नसते, आणि बायकलची अचूकता तिच्या किमतीच्या मानाने फार चांगली मानली जाते. अडचण एकच आहे. साठ शॉटच्या सामन्यात साठ वेळा, सराव धरून त्याहून अधिक वेळा ती लिव्हर ओढावी लागते आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा हात शेवटच्या वीस शॉटना थरथरतो. प्रौढ नवशिक्याला, ज्याला आठवड्यातून दोन दिवस शांतपणे खेळायचे आहे, त्याला मी आजही हा पर्याय सुचवतो.

तिसरा वर्ग सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरलेल्या पिस्तुलांचा आहे. स्टेयर, मोरीनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ ही त्यांतली प्रमुख नावे. नव्या पिस्तुलाची किंमत दीड लाखाच्या पुढे जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धा याच वर्गावर खेळल्या जातात. यांच्यात आपापसांत अचूकतेचा म्हणण्यासारखा फरक नाही, कोणते पिस्तूल हाताला बसते एवढाच फरक आहे. 'मनू भाकरकडे आहे तेच हवे' असा हट्ट मुले करतात, तेव्हा पालकांनी त्यांना शांतपणे रेंजवर नेऊन तिन्ही-चारही बनावटी हातात धरून पाहायला लावावे.

बाजारात कधी कधी जुनी कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारी पिस्तुले फार कमी किमतीत दिसतात. त्या वायूचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. एप्रिलमधल्या आपल्या उन्हात सकाळच्या आणि दुपारच्या शॉटची उंची सारखी राहत नाही, आणि वायू भरण्याची सोय शोधावी लागते. ती टाळावीत.

प्रश्न: वापरलेले पिस्तूल घेणे शहाणपणाचे आहे का?

माझ्या मते मध्यमवर्गीय कुटुंबासाठी हाच सर्वोत्तम मार्ग आहे. वरच्या पातळीवर गेलेला नेमबाज जुने पिस्तूल विकतो आणि दाबाच्या हवेवरचे पिस्तूल नीट जपले तर वर्षानुवर्षे तितकेच अचूक राहते. परंतु पाहून घ्यायच्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली पहिली मी स्वतः नुकसान सोसून शिकलो.

माझे पहिले सिलिंडरचे पिस्तूल मी एका परिचिताकडून घेतले. नळी पाहिली, ग्रिप पाहिली, दहा-वीस शॉट मारून पाहिले, सगळे उत्तम होते. सिलिंडरवर कोरलेली तारीख मात्र पाहिली नाही. स्पर्धेच्या साहित्य-तपासणीत पंचांनी ती पाहिली आणि मुदत संपलेली असल्यामुळे ते सिलिंडर बाजूला ठेवले. नियम योग्यच आहे, कारण २०० बार दाबाची हवा भरलेले जुने सिलिंडर चेहऱ्याजवळ धरणे धोक्याचे आहे. त्या दिवशी एका मित्राने त्याचे सिलिंडर दिले म्हणून खेळता आले. परत आल्यावर नव्या सिलिंडरसाठी खर्च करावा लागला तो खर्च सौद्यात कधीच धरलेला नव्हता. उत्पादक बहुधा दहा वर्षांची मुदत देतात. खरेदीच्या वेळी मुदत दोन वर्षांपेक्षा कमी उरली असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच बोलणी करावीत.

दुसरी तपासणी गळतीची. सिलिंडर भरून पिस्तुलाला लावावे, दाबमापकावरचा आकडा लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावा. आकडा घसरला असेल तर ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कड्या, बदलाव्या लागतील. तो खर्च मोठा नसतो, पण काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. तिसरी तपासणी गटाची. पिस्तूल टेबलावर पक्के टेकवून पाच पेलेट एकाच जागी मारावेत, त्यांचे मिळून एकच, थोडे रुंद झालेले भोक दिसले पाहिजे. चौथी गोष्ट म्हणजे कागद. मूळ पावती नसलेले पिस्तूल कोणी कितीही ओळखीचा असला तरी घेऊ नये.

प्रश्न: ट्रिगर यांत्रिक घ्यावा की इलेक्ट्रॉनिक?

पहिल्या पिस्तुलाला यांत्रिक. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर अतिशय सुरेख सुटतो, ड्राय फायरिंगला, म्हणजे पेलेट न भरता केलेल्या सरावाला, तर तो फारच सोयीचा आहे. पण त्यात बिघाड झाला तर दुरुस्ती करणारा आपल्या शहरात मिळेलच याची खात्री नसते. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला आणि त्यांचा मोलाचा वेळ दुरुस्तीत गेला, हे सर्वांनी पाहिले आहे. जिथे तंत्रज्ञ हाताशी असतात तिथेही असे घडू शकते. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचे वजन किमान ५०० ग्रॅम असले पाहिजे आणि स्पर्धेत ते वजन टांगून तपासले जाते. ट्रिगर ठीक ५०० वर न ठेवता थोडा वर ठेवावा, म्हणजे तपासणीत नापास होण्याची भीती राहत नाही.

प्रश्न: पिस्तुलाशिवाय किती खर्च धरावा?

पालक इथेच फसतात. एका सत्रात चाचणीचे धरून ऐंशी पेलेट आणि आठवड्यातून चार सत्रे धरली तर महिन्याला सुमारे तेराशे पेलेट लागतात. पाचशेचा एक डबा धरला तर महिन्याला जवळपास तीन डबे. पिस्तुलासाठी सगळी बचत ओतून मग पेलेटअभावी सराव निम्मा करावा लागणे, यापेक्षा थोडे साधे पिस्तूल घेऊन भरपूर पेलेट घेणे केव्हाही चांगले. पेलेट चपट्या डोक्याचेच घ्यावेत, ते कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतात. रोजच्या सरावाला मध्यम दर्जाचे आणि स्पर्धेपूर्वी महिनाभर चांगल्या दर्जाचे, अशी विभागणी करता येते.

याखेरीज हवा भरण्याची सोय, पायाला पक्की बसणारी सपाट तळाची पादत्राणे, दुसरा डोळा झाकण्याची पट्टी, कानांसाठी संरक्षण, कुलूप असलेली पेटी आणि पिस्तूल रिकामे असल्याचे दाखवण्यासाठी नळीत घालायचा सेफ्टी फ्लॅग एवढे लागते. हवा रेंजवर भरून मिळते का, हे आधी विचारावे. एका भरण्यात साधारण दीडशे ते दोनशे शॉट होतात, म्हणजे दर दोन सत्रांनी ते काम करावे लागते. नेमबाजीच्या खास कोटासारखे महागडे साहित्य रायफलवाल्यांना लागते, पिस्तूलवाल्यांना नाही. पिस्तूल हा प्रकार रायफलपेक्षा परवडतो तो मुख्यतः याच कारणाने.

प्रश्न: घरी सराव करता येतो का?

येतो, आणि तो फुकट असतो. ड्राय फायरिंग म्हणजे पेलेट न भरता, रिकाम्या पिस्तुलाने पांढऱ्या भिंतीसमोर ट्रिगर दाबण्याचा सराव. सुटताना पुढची साईट हलली का, एवढेच पाहायचे. रोज वीस मिनिटे हा सराव करणारा मुलगा सहा महिन्यांत, फक्त रेंजवर येणाऱ्याच्या पुढे गेलेला मी अनेकदा पाहिला आहे. ज्या पिस्तुलात ड्राय फायरिंगची स्वतंत्र सोय आहे तेच घ्यावे, नाहीतर आतील भाग झिजतात. सरावापूर्वी पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि पिस्तूल रिकामे असल्याची खात्री दर वेळी, प्रत्येक वेळी करावी.

प्रश्न: स्पर्धांचा मार्ग कसा असतो?

शालेय स्पर्धांत एअर पिस्तूल प्रकार असतो. क्लबमार्फत महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या राज्य स्पर्धेत, तेथून पुढच्या पात्रता स्पर्धांत आणि मग राष्ट्रीय स्पर्धेत जाता येते. सामना साठ शॉटचा, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर ७५ मिनिटांचा असतो आणि पात्रता फेरी ६०० पैकी पूर्ण गुणांत मोजली जाते. पहिल्या वर्षी गुणांपेक्षा पूर्ण साठ शॉट एकाच लयीत मारता आले का, हे पाहावे.

प्रश्न: कोल्हापूरच्या पावसात पिस्तुलाची काळजी कशी घ्यावी?

जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो की पेटीत ठेवलेल्या पोलादावर आठवड्याभरात तांबूस डाग दिसू लागतो. रेंजवरून आल्यावर पिस्तूल लगेच पेटीत बंद करू नये. कोरड्या सुती फडक्याने पुसून, घामाचा हात लागलेल्या जागांवर तेलाचा हलका हात फिरवून, तासभर पंख्याखाली ठेवावे. फेसाच्या गादीची पेटी ओलावा धरून ठेवते, म्हणून तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की वाळवून घ्याव्यात. नळीत तेल घालू नये, तिच्यातून महिन्यातून एकदा साफसफाईचे लोकरी पेलेट मारले तरी पुरते. लाकडी ग्रिप पावसाळ्यात किंचित फुगते, तेव्हा पकड घट्ट वाटली तर लगेच कानस घेऊन बसू नये, दिवाळीपर्यंत थांबावे.

सिलिंडरात जाणारी हवा कोरडी असणे याच दिवसांत सर्वांत महत्त्वाचे असते, कारण दमट हवेबरोबर पाणी आत गेले की ते आतूनच गंजवते. हवा भरून देणाऱ्याने ओलावा गाळणारा फिल्टर शेवटचा केव्हा बदलला, हे विचारण्यात संकोच करू नये. आणि रेंजवरून घरी आल्यावर जेवायला बसण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. पेलेट शिशाचे असतात आणि ते बोटांना लागलेले दिसत नाही.